पहिलं आमंत्रण शेजाऱ्याला

या महिन्याच्या पत्रांचा विषय एकच आहे: आपल्या गावात, आपल्या ओळखीच्या लोकांसाठी इलेक्ट्रॉनिक संगीताची पार्टी कशी करायची. बहुतेकांनी पहिला प्रश्न विचारलाय तो डीजे कोणता आणावा हा. मी सुरुवात तिथून करणार नाही. कराडला माझ्या वडिलांचा मंडप आणि साऊंडचा व्यवसाय होता. कर्णे आणि आहुजाचे अॅम्प्लिफायर यांच्यातच मी वाढले, आणि गेली पंधरा वर्षं पुण्यात हाउस-टेक्नोच्या कार्यक्रमांचा साऊंड सांभाळते. तेव्हा मला आधी दिसतो तो आवाज, आणि तो कुणाकुणाच्या घरात जाणार आहे ते.

नाशिकहून एक वाचक: ताई, आम्ही सहा मित्र-मैत्रिणी आहोत. टेक्नो आणि हाउस ऐकायला दर वेळी पुण्या-मुंबईला जावं लागतं. एकाच्या मामांच्या द्राक्षबागेत पॅकिंगचं पत्र्याचं शेड आहे, हंगाम नसताना ते रिकामंच असतं. नोव्हेंबरमध्ये तिथे दीडशे लोकांची पार्टी करायची आहे. रात्रभर करता येईल का? आणि सुरुवात कुठून करायची?

रात्रभर करता येणार नाही. हे आधी मनातून काढून टाका, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. त्यांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार ठरवतं आणि आपल्याकडे ते बहुतेक सणावारांना जातात. बंदिस्त सभागृहाची गोष्ट वेगळी, पण पॅकिंग शेड बाजूंनी उघडं असतं, ते सभागृह म्हणून कुणी धरणार नाही. तुम्ही दुपारी चारला सुरू करा आणि पावणेदहाला शेवटचा ट्रॅक लावा. नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास दिवस मावळतो. म्हणजे दोन तास उजेडाचे आणि जवळजवळ चार तास अंधाराचे. नाचायला एवढा वेळ भरपूर झाला. लोकांना वेळेवर आणायचं कसं, ते खालच्या संभाजीनगरच्या पत्राच्या उत्तरात लिहिलंय.

आता सुरुवात कुठून करायची ते सांगते. शेडभोवतीच्या वस्त्यांवरून सुरुवात करा.

वाईजवळच्या एका मळ्यात आम्ही पहिल्यांदा पार्टी केली तेव्हा सगळी परवानगी हातात होती. वेळ दहापर्यंतचीच होती. हद्दीवर मीटर धरून मी स्वतः आवाज मोजला होता आणि आकडा नियमात बसत होता. साडेआठला एक लहान मुलगा सायकलवरून आला आणि म्हणाला, आजी बोलावतेय. दोन शेतं ओलांडून गेले. स्वयंपाकघरात भिंतीला लाकडी मांडणी, तिच्यावर पितळेचे डबे, स्टीलच्या वाट्या, कपबशा. आमच्या संगीतातला एक सूरसुद्धा तिथे ऐकू येत नव्हता. पण प्रत्येक ठोक्याला वाट्या एकमेकींना लागत होत्या, आणि वरच्या फळीवरची एक बशी ठोक्यागणिक कडेकडे सरकत होती. आजीने माझा हात धरून त्या फळीवर ठेवला. म्हणाली, "दोन तास झाले बघ."

माझा मीटर खोटं बोलत नव्हता. नियमातलं मोजमाप ज्या डेसिबलमध्ये होतं, त्याला तांत्रिक भाषेत 'ए' भारांकन म्हणतात. माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, म्हणून ते मोजमापही खालच्या स्वरांना कमी धरतं. पण बेस नुसता कानापर्यंत येऊन थांबत नाही. तो जमिनीतून, भिंतीतून, फळीतून येतो. पन्नास हर्ट्झच्या ठोक्याची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. कनात, झाडं, विटांची साधी भिंत, काहीच तिला अडवत नाही. मी धावत परत आले, बेस सहा डेसिबलने उतरवला आणि पुन्हा आजीकडे जाऊन फळीवर हात ठेवला. बशी थांबली होती. नाचणाऱ्यांपैकी एकानेही काही कमी झाल्याचं म्हटलं नाही.

त्या दिवसापासून मी कार्यक्रमाच्या आधी तीन गोष्टी करते आणि तुम्हीही त्या करा. पहिली, शेडच्या सगळ्यांत जवळचं घर कोणत्या दिशेला आहे ते पाहून स्पीकरची पाठ तिकडे करा. दुसरी, साऊंडवाल्याला विचारा की बेस, म्हणजे खालच्या स्वरांचे स्पीकर, 'कार्डिऑइड' लावता येतील का. तीन बेस एकावर एक रचायचे, त्यातला एक उलट्या तोंडाने, त्याची पोलॅरिटी, म्हणजे लाटेचा चढउतार, उलटी करून आणि आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडून. असं केलं की मागे जाणारा बेस बराचसा स्वतःलाच खोडतो आणि पुढचा तसाच राहतो. ज्याला हे येतं तो साऊंडवाला शंभर रुपये जास्त मागत असेल तरी त्यालाच घ्या. तिसरी गोष्ट तुमच्या नोव्हेंबरसाठी फार महत्त्वाची. थंडीत सूर्य मावळला की जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, आणि आवाज वर निघून जाण्याऐवजी वाकून पुन्हा खाली येतो. दुपारी पाच वाजता ज्या वस्तीवर काही ऐकू येत नव्हतं, तिथे आठ वाजता सगळं ऐकू येतं. म्हणून आवाज दुपारी एकदा ठरवून सोडून देऊ नका. अंधार पडल्यावर कुणीतरी मोटारसायकलवरून चारी बाजूंना फिरून ऐकून या, आणि शक्य तिथे घरात जाऊन फळीवर हात ठेवून या.

वस्त्यांवर पंधरा दिवस आधी जा. व्हॉट्सअॅपवरचा संदेश चालणार नाही, माणूस उभा राहिला पाहिजे. हातात चिठ्ठी द्या: किती वाजता सुरू, किती वाजता बंद, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा. त्या नंबरवरचा माणूस त्या दिवशी नाचणार नाही आणि पिणार नाही. घरात आजारी माणूस आहे का, दहावी-बारावीचं पोर आहे का, गोठ्यात व्यायला आलेली गाय आहे का, ते विचारा. असेल तर तारीख बदला. आणि त्यांना या म्हणा. वाईच्या आजी पुढच्या वर्षी सुनेला घेऊन आल्या, खुर्ची टाकून तासभर बसल्या, आणि जाताना बेस आता बरा आहे असं सांगून गेल्या.

परवानगीसाठी मामांचं संमतिपत्र, जागेचा साधा नकाशा, येण्याजाण्याचे रस्ते आणि लोकांचा आकडा घेऊन पोलीस ठाण्यात निदान महिनाभर आधी जा. ग्रामपंचायतीलाही लेखी कळवा. अर्जात 'डीजे पार्टी' एवढंच लिहिलंत तर समोरच्याच्या डोळ्यांपुढे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. किती स्पीकर, तोंड कोणत्या दिशेला, बंद करण्याची वेळ, हे सविस्तर लिहा. दारूबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिली पार्टी दारूशिवाय करा. विकायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा त्या दिवसाचा परवाना लागतो, आणि महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. दारात दीडशे लोकांची वयं तपासत बसण्यात तुमच्यातले दोघं तरी अडकतील. कोकम सरबत, ताक, आणि आठ वाजता कडक चहा ठेवा. चहा घेऊन माणूस पुन्हा नाचायला येतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पत्र्याच्या शेडचा एक दोष आहे, पत्रा बेसबरोबर स्वतःच वाजायला लागतो. साऊंड आला की आधी एकच खालचा सूर हळूहळू वर नेत वाजवायला सांगा आणि शेडभर फिरा. जिथे पत्रा खडखडतो तिथले नटबोल्ट आवळा, मध्ये रबराचे तुकडे घाला. मागच्या भिंतीवर जुन्या गाद्या किंवा गोधड्या टांगा, टाळीचा आवाज घुमायचा थांबेपर्यंत.

वीज शेतीच्या लाइनवरून घेऊ नका, तिचा भरवसा नाही. सायलेंट जनरेटर भाड्याने आणा, आणि अर्थिंगचा खड्डा तुमच्यासमोर खणून, पाणी घालून, तपासून घ्या. साऊंड एका फेजवर, लाइट दुसऱ्या फेजवर. जनरेटरवाला शेवटपर्यंत तिथेच थांबेल हे आधी ठरवा, कारण बहुतेक जण मशिन सुरू करून जेवायला निघून जातात.

पाणी फुकट ठेवा. दीडशे लोकांना वीस लिटरचे निदान दहा जार, नाचण्याच्या जागेजवळ, उजेडात. संडास भाड्याने आणणार असाल तर बायकांसाठी पुरुषांपेक्षा जास्त, आणि तिथपर्यंतच्या वाटेवर दिवा. दोन बाहेर जायचे रस्ते पूर्ण मोकळे ठेवा, त्यातला एकही स्पीकरमागे किंवा बारमागे येऊ देऊ नका. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र नुकतीच उलटल्यावर, मुंबईत कमला मिलमध्ये आग लागली आणि १४ माणसं गेली. तेव्हापासून मी सजावटीच्या कापडाजवळ हॅलोजन ठेवू देत नाही, आणि आतिषबाजीची यंत्रं तर शेडमध्ये आणूच देत नाही. आग विझवायची नळकांडी कुठे आहेत ते सहाही जणांना डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. १०८ वर फोन केला तर रुग्णवाहिकेला शेडपर्यंतचा रस्ता कसा सांगायचा, ते वाक्य कागदावर लिहून प्रवेशदारात चिकटवा. 'मळ्याजवळ' एवढ्याने कुणी पोचत नाही.

राहिला पैसा. ४०० रुपयांचं तिकीट आणि दीडशे माणसं म्हणजे ६०,००० रुपये. त्यातले निम्मे साऊंड आणि वीज यांच्यावर जाऊ द्या. बाहेरचा मोठा डीजे आणू नका. तुम्हा सहांपैकी तिघं वाजवत असतीलच. दीडशे ओळखीचे चेहरे ओळखीच्या माणसाच्या हातून ऐकायला येतात. आणि शंभर माणसं आली तरी तोटा अंगावर येणार नाही असा हिशेब मांडा.

कोल्हापूरहून एक वाचक: आमचा हॉल चाळीस बाय साठ फुटांचा आहे, माणसं एकशेवीस. साऊंडवाला म्हणतो, आठ बेस आठ टॉपची भिंत घ्या, त्याशिवाय पोरं नाचत नाहीत. खरं आहे का?

खरं नाही. तुमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापुरात अशा भिंतीला डॉल्बी म्हणतात. कंपनीचं नाव भिंतीला पडून गेलं. ती भिंत रस्त्यासाठी आहे, उघड्यावर, चालत्या मिरवणुकीत लांबवर ऐकू जावी म्हणून. तुमच्या हॉलमध्ये चार अठरा इंची बेस आणि दोन चांगले टॉप, म्हणजे वरच्या स्वरांचे स्पीकर, पुरतात. त्यातही चारही बेस एकाच ठिकाणी, मधोमध, एकमेकांना चिकटवून ठेवा. दोन डावीकडे दोन उजवीकडे असे लांब लांब ठेवले तर हॉलमध्ये पट्टे पडतात. मधल्या पट्ट्यात छाती धडधडते आणि चार पावलं बाजूला गेलं की बेस नाहीसा होतो. टॉप माणसांच्या डोक्यांच्या वर राहतील अशा उंचीवर चढवा, नाहीतर पहिल्या रांगेचे कान जातात आणि शेवटच्या रांगेला काही ऐकू येत नाही.

साऊंडवाल्याशी बोलताना वॅटमध्ये बोलू नका. त्याला विचारा: मिक्सरवरचा लाल दिवा लागला तर तू काय करतोस? जो म्हणेल "काही होत नाही", त्याला नको म्हणा. लाल दिवा म्हणजे लाटेचा माथा छाटला जातोय. आवाज मोठा होत नाही, फाटतो. फाटलेला आवाज कानाला टोचतो, माणसं नकळत दूर सरकतात, आणि डीजेला वाटतं की आवाज कमी पडतोय. तो आणखी वर करतो. हे चक्र सुरू झालं की पार्टी साडेआठलाच संपते. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर जाऊ न देणारा लिमिटर लावा, त्याला कुलूप घाला, आणि डीजेसमोर त्याचा स्वतःचा मॉनिटर, म्हणजे फक्त त्याच्यासाठीचा स्पीकर, ठेवा. मुख्य स्पीकर त्याच्यापासून दहा मीटर लांब असेल तर आवाज त्याच्यापर्यंत जवळजवळ २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तेवढ्याने दोन ट्रॅक जुळवताना हात चुकतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या डीजेला लागतो.

आवाज किती ठेवायचा? जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी मर्यादा सुचवली: पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर नको. मी ९६-९७ वर थांबते. कामगारांच्या कानांसाठी वापरला जाणारा एक हिशेब मी पाठ करून ठेवलाय. ८५ डेसिबल आठ तास, आणि तिथून प्रत्येक तीन डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. या हिशेबाने ९७ सुद्धा अर्ध्याच तासाचे होतात. म्हणून दाराशी वाटीत फोमचे इअरप्लग ठेवा आणि मागच्या बाजूला, बेसपासून लांब, बसून बोलता येईल असा शांत कोपरा करा. माझ्या वडिलांनी तीस वर्षं गणपतीच्या मिरवणुका केल्या. आज त्यांच्याशी बोलताना मला उजव्या बाजूला बसावं लागतं, डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही. व्यवसायातल्या त्यांच्या वयाच्या बहुतेकांचं असंच झालंय. हे मी फार मनापासून लिहितेय.

आणि तुमचा हॉल एकशेवीस माणसांना मोठा आहे. अर्ध्यात कनात लावा. नाचणाऱ्याला साधारण एक चौरस मीटर हवा. त्याहून फार मोकळं असेल तर माणसं भिंतीला चिकटून उभी राहतात.

पुण्याहून एक वाचक: आम्ही सगळे ट्रॅक विकत घेतलेले आहेत. तरी संगीताचा परवाना लागतो का?

लागतो. ट्रॅक विकत घेतला म्हणजे तो स्वतः ऐकण्याचा हक्क घेतला, लोकांसमोर वाजवण्याचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाला आणि धार्मिक विधींना सूट आहे. तिकिटाच्या पार्टीला ती लागू होत नाही. हक्क दोन वेगळे असतात. एक ध्वनिमुद्रणाचा, दुसरा त्यातल्या रचनेचा. ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल, रचनेसाठी आयपीआरएस अशा संस्था परवाने देतात. सगळ्या कंपन्यांचं संगीत एकाच संस्थेकडे नसतं. म्हणून डीजेंकडून साधारण काय वाजवणार याची यादी आधी घ्या आणि त्याप्रमाणे विचारा. एखादी पार्टी फक्त तिथे वाजवणाऱ्यांनी स्वतः बनवलेल्या संगीताची करून पाहा. आपल्याकडे बेडरूममध्ये लॅपटॉपवर ट्रॅक करणारी इतकी मुलं-मुली आहेत की एक संध्याकाळ सहज भरेल, आणि परवानगी समोरच्या माणसाकडूनच लेखी मिळेल. तिकीट माणशी ५०० रुपयांपर्यंत ठेवलंत तर त्यावर जीएसटी लागत नाही, त्यावर गेलात तर सीएशी बोलून घ्या.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: आम्ही चारला दार उघडलं. साडेसातपर्यंत वीस माणसं होती, तीही भिंतीला टेकून. नऊला गर्दी झाली आणि दहाला पोलीस आले म्हणून बंद करावं लागलं. पुन्हा करावं की नको?

पुन्हा करा. तुमची चूक मला पत्राच्या दुसऱ्या पानावर दिसली. तुम्ही लिहिलंय की सुरुवात करणाऱ्या मुलाने पहिल्या अर्ध्या तासातच १४० बीपीएमचे, म्हणजे मिनिटाला १४० ठोक्यांचे, ट्रॅक लावले. रिकाम्या हॉलमध्ये एवढ्या वेगाचं संगीत लागलं की आत आलेल्याला वाटतं, आपण चुकीच्या वेळी आलो. पहिल्या दीड तासाचं काम वेगळं असतं. ११० ते ११५ बीपीएम, आवाज एवढाच की शेजारच्याशी ओरडावं लागू नये, गाण्यांत मोकळी जागा जास्त. त्या वेळी माणसं नाचत नाहीत, पाय हलवतात, एकमेकांना ओळख सांगतात. तेही हवं असतं. सहाच्या सुमारास १२० वर जायचं, आठला १२६-१२८ वर. १४० चे ट्रॅक वाजवायचेच असतील तर शेवटच्या अर्ध्या तासात, सगळे घामाघूम झाल्यावर. सुरुवात करणाऱ्याला मी नेहमी सगळ्यांत अनुभवी माणूस घेते. नवख्याला मधला तास द्यावा, हॉल भरलेला असतो तेव्हा.

लोक उशिरा येतात कारण त्यांना सवय नाही. पाचच्या आत येणाऱ्याला तिकीट निम्म्यात द्या आणि पाचला मिसळ ठेवा. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत 'चार ते दहा' लिहा, आणि सगळ्यांत आवडता डीजे सातला लावा, नऊला नको. पहिल्या वेळी लोक चुकतील. दुसऱ्या वेळी ज्यांचं हुकलं तेच साडेपाचला येतील. शेवटची दहा मिनिटं हळूहळू दिवे लावत, आवाज उतरवत संपवा. खाडकन बंद केलं की दोनशे माणसं रस्त्यावर जोराने बोलत बाहेर पडतात, आणि तक्रार बहुधा त्याच आवाजाची होते. टेम्पोत बेस चढवण्याचा धडामधुडूम आवाजही त्यातलाच. सामान सकाळी हलवा, रात्री नको.

रत्नागिरीहून एक आई: माझी लेक १९ वर्षांची, पुण्यात शिकते. म्हणते, मैत्रिणींबरोबर इलेक्ट्रॉनिक संगीताची पार्टी करायचीय, डीजेही तीच. मला यात संगीत काही दिसत नाही, नुसता धडधडाट. आणि अशा ठिकाणी अमली पदार्थ असतात म्हणतात. तिला काय सांगू?

तुमची भीती खोटी नाही. असे पदार्थ काही पार्ट्यांत येतात, आणि ते लपवून मी तुमची समजूत काढणार नाही. लेकीला दोन गोष्टी सांगा. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आपल्या जागेत जाणूनबुजून असं काही चालू देणाऱ्यालाही धरतो. तेव्हा आयोजक म्हणून दारात पिशव्या तपासायला लाजू नये. आणि तरीही कुणाला काही झालं, अंग तापलं, बोलणं तुटलं, तर भीतीपोटी त्याला कोपऱ्यात झोपवून ठेवू नये. थंड जागेत न्यावं, १०८ ला फोन करावा आणि डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगावं. पोरं जातात ती अनेकदा या लपवालपवीत वाया गेलेल्या तासाभरामुळे. तिच्या पार्टीत हाताला ठळक रंगाची पट्टी बांधलेल्या दोन-तीन मोठ्या मुली असाव्यात. कुणी अंगचटीला आलं तर कुणाकडे जायचं हे आत येणाऱ्या प्रत्येक मुलीला दारातच कळावं, आणि ज्याची तक्रार येईल त्याला वाद न घालता बाहेर काढावं. परत जायची गाडी ठरल्याशिवाय शेवटच्या मुलीला सोडू नये. हे सगळं करायला ती तयार असेल, तर ती पार्टी करायला योग्य आहे.

आता संगीताबद्दल. १९८१ च्या शेवटी जपानच्या रोलंड कंपनीने एक लहानसं चंदेरी यंत्र काढलं, टीबी-३०३. एकट्या गिटारवाल्याला सरावासाठी बेसची साथ मिळावी म्हणून. ते बेस गिटारसारखं वाजलंच नाही, खपलं नाही, आणि दोनतीन वर्षांत बंद झालं. शिकागोतल्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती ते जुन्या बाजारात स्वस्तात आलं. त्यांनी वाजता वाजता त्याची बटणं फिरवली आणि त्यातून जो चिवचिवणारा, वळवळणारा आवाज निघाला, त्यावर हाउस संगीताची एक सबंध शाखा उभी राहिली. पण त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, आपल्या मुंबईत चरणजीत सिंग यांनी तेच यंत्र आणि रोलंडचं तालयंत्र घेऊन यमन, मालकंस, ललत, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून ध्वनिमुद्रित केले. सिनेमाच्या वाद्यवृंदांत आयुष्य घालवलेला माणूस. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, आणि सत्तरी गाठलेल्या चरणजीत सिंगांना परदेशांतून वाजवायला बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले.

तुमची लेक जे वाजवते त्यात ठेका तोच तोच येतो हे खरं. पण आपल्याकडे भजनातही टाळ तोच तोच वाजतो, आणि त्याच्या आधाराने माणूस हळूहळू स्वतःला विसरतो. तिच्या संगीतात काय बदलतंय ते ठेक्याच्या वर ऐकायचं असतं. एक आवाज चार-चार मिनिटं घेऊन उघडत जातो, तसा.

माझं ऐकाल तर तिच्या पार्टीला तुम्ही जाच. साडेसहा-सातला पोचा. दोन्ही टॉपच्या बरोबर मधोमध, पण हॉलच्या मागच्या तिसऱ्या हिश्शात उभ्या राहा, तिथे आवाज सगळ्यांत स्वच्छ असतो. दाराशी वाटीतले इअरप्लग घ्या. ते लावले तरी ठोका तळपायांतून कळेल. दोन ट्रॅक एकमेकांत मिसळतात तेव्हा तिचा डावा हात कुठे जातो ते बघा.